नवऱ्याची सही नाही, मग लेकराचा पासपोर्ट निघतो का?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका १७ वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलं. दहावीला ९० टक्क्यांच्या वर गुण, जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवड, आणि पासपोर्ट मात्र पुण्याच्या कार्यालयात अडकलेला. कारण एकच. आईवडिलांचा घटस्फोटाचा दावा सुरू होता आणि वडिलांनी हरकत घेतली होती.

न्या. भारती डांगरे आणि न्या. अश्विन भोबे यांच्या खंडपीठाने दोन आठवड्यांत पासपोर्ट द्या, असा आदेश दिला. परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. वडील संमती देत नाहीत एवढ्यावरून मुलीचा हा हक्क हिरावता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हे तत्त्व जुनंच आहे. १९७८ चा मनेका गांधी खटलाही पासपोर्टवरूनच उभा राहिला होता.

निकाल पुण्याच्या प्रकरणातला असला तरी अडचण अमरावती-अकोल्यातल्या अनेक घरांच्या ओळखीची आहे. नवरा नोकरीला पुण्यात, बायको लेकरासह अकोटला किंवा दर्यापूरला माहेरी, बोलणं बंद. कोर्टात तारखा सुरू. अशा वेळी शाळेची परदेश सहल निघते किंवा दुबईची मावशी सुट्टीत बोलावते, आणि कोणीतरी ठामपणे सांगतं, "बापाची सही नसंल तं पासपोर्ट निघतच नाही."

हे खरं नाही. पण साफ खोटंही नाही.

१८ वर्षांखालच्या अर्जदारासाठी दोन नमुने महत्त्वाचे आहेत. आईवडील दोघंही राजी असतील तर 'परिशिष्ट डी' भरायचं, त्यावर दोघांच्या सह्या. एकाची संमती मिळत नसेल तर 'परिशिष्ट सी'. त्यात अर्ज करणारी आई किंवा बाप लिहून देतो की दुसऱ्याची संमती का नाही आणि या अर्जाची जबाबदारी आपली आहे. जपानला जाणाऱ्या मुलीच्या आईनेही हाच नमुना भरला होता. म्हणजे 'संमती नाही' ही परिस्थिती नियमांनी आधीच धरलेली आहे. तरीही दुसऱ्या पालकाने लेखी हरकत घेतली की फाईल थांबू शकते, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

मग काही जण सोपा रस्ता शोधतात: 'डी' घ्यायचा आणि नवऱ्याची सही आपणच ठोकायची. हा रस्ता फार महागात पडतो. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ नुसार खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय ताब्याच्या दाव्यात समोरच्या वकिलाच्या हाती आयता पुरावा. 'सी' मध्ये खरं लिहून चार दिवस उशीर झाला तरी तेच शहाणपणाचं.

आणखी एक खर्च टाळता येतो. ही परिशिष्टं घेऊन लोक आधी मुद्रांक विक्रेता आणि मग नोटरी गाठतात. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले, तेव्हापासून ही घोषणापत्रं साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतात. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांचा १०० चा मुद्रांक ५०० वर गेला आहे, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. त्याच बदलांत अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालेल अशी सोय झाली. एकट्या आयांसाठी ही मोठी गोष्ट होती.

आता दुसरी बाजू. हरकत घेणारा प्रत्येक बाप आडमुठाच असतो असं नाही. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. मूल एकदा परदेशात गेलं आणि परत आलं नाही तर त्याला आणण्याची लढाई लांब आणि खर्चिक असते. ही भीती आईलाही असू शकते, बापालाही. म्हणून कोर्टात ताब्याचा वाद सुरू असेल तर पासपोर्ट कार्यालयाशी भांडण्यापेक्षा त्याच कोर्टात परवानगीचा अर्ज करणं बहुतेकदा जास्त उपयोगी ठरतं. परतीची तारीख, तिकीट, परत आल्यावर पासपोर्ट कोर्टात जमा करण्याची तयारी, असं काही मांडलं तर समोरच्याच्या भीतीलाही उत्तर मिळतं. कौटुंबिक न्यायालय अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही.

घटस्फोट होऊन ताबा मिळाला असेल तर आदेशाची प्रत अर्जासोबत लागते. ती जोडण्याआधी नीट वाचा. परदेश प्रवासावर अट घातलेली असेल तर तीही पाळावी लागेल.

अर्जाची अपॉइंटमेंट अमरावती किंवा अकोल्याच्या पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट सेवा केंद्राची घेता येते. निर्णय नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाचा. लेकरासोबत एक पालक गेला तरी चालतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखलाच घेतात, तेव्हा नगरपालिकेतून तो आधी काढून ठेवा. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. अपिलासाठी ३० दिवस असतात, आणि त्यापुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे.

पासपोर्ट हाती आला तरी व्हिसाचा टप्पा वेगळा. युरोपातल्या शेंगेन देशांसह अनेक देश लहान मुलाच्या व्हिसासाठी दोन्ही पालकांचं संमतीपत्र किंवा ताब्याचा आदेश मागतात, आणि तिथे आपलं 'परिशिष्ट सी' कामी येत नाही.