वल्ह्याची मूठ

नौकानयनाची शर्यत तीरावरून पाहणाऱ्याला नौकेचा वेग दिसतो, एकाच वेळी उचलली जाणारी वल्ही दिसतात. नौकापटूचे तळवे मात्र दिसत नाहीत. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले. सैन्यात जाण्यापूर्वी त्यांनी विहिरी खोदण्याचे काम केले होते. दांड्याने पडणाऱ्या घट्ट्यांची ओळख त्यांच्या हातांना वल्ह्याच्या आधीपासून असणार.

हिशेब साधा आहे. मिनिटाला २० वेळा वल्हे मारले, तर तासाभराच्या सरावात ते १,२०० वेळा होते. दर खेपेस पाण्याबाहेर आलेले पाते वाऱ्याचा अडसर कमी व्हावा म्हणून आडवे करायचे आणि पाण्यात शिरण्यापूर्वी पुन्हा उभे करायचे. म्हणजे मूठ २,४०० वेळा फिरते. तळव्याला फोड येतात त्यात ओढीइतकाच या फिरण्याचाही वाटा असतो. हातमोज्यांनी वल्ह्याचा स्पर्श हरवतो, म्हणून बहुतेक नौकापटू ते वापरत नाहीत. साहजिकच सारा भार मुठीच्या पृष्ठभागावर येतो.

जी मूठ हाताला अधिक चिकटेल ती चांगली, अशी समजूत सहज होते. ती अपुरी आहे. ज्या प्रकारात प्रत्येकाकडे एकच लांब वल्हे असते, तेथे दोन हातांची कामे निराळी असतात. पात्याच्या बाजूचा हात वल्हे फिरवतो. टोकाकडचा हात मुख्यतः ओढतो आणि मूठ त्याच्या बोटांत फिरू देतो. पहिल्याला पकड हवी, दुसऱ्याला थोडा निसटता गुळगुळीतपणा. एकाच मुठीवर दोन पृष्ठभाग ठेवणे यासाठी योग्य ठरते, मग ती विजोड दिसली तरी चालेल.

आता साहित्याकडे वळू. वॉर्निश न लावलेले खरबरीत लाकूड घाम शोषते, म्हणून ते आजही टिकून आहे. फोमची मूठ मऊ खरी, पण पाणी धरते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा जवळजवळ फुकट मिळतो. मात्र ओला झाला की त्याची पकड बदलते. बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी गुंडाळली, तर सततच्या फिरण्याने तिच्या कडा सुटतात. विजेच्या तारांवर चढवतात ती उष्णतेने आकसणारी नळी अधिक उपयोगी आहे: मुठीवर बारीक दोरी मळसूत्राप्रमाणे गुंडाळून वर ती नळी आकसवली की उंचवटे तयार होतात आणि सुटायला कडाही राहत नाही.

या सर्वांत विचार करण्याजोगे साहित्य म्हणजे बूच. त्याच्या सूक्ष्म पेशींत हवा कोंडलेली असते, ते पाणी फारसे शोषत नाही आणि ओल्या हातातही सहसा निसटत नाही; मासेमारीच्या गळकाठ्यांच्या मुठी म्हणूनच बुचाच्या करतात. हे बूच कॉर्क ओक वृक्षाच्या सालीपासून मिळते. साधारण ९ वर्षांनी साल काढतात. वृक्ष तोडत नाहीत. (आपल्याकडील पांढऱ्या सुगंधी फुलांचे बुचाचे झाड ते हे नव्हे.) काही मुठींवर मऊ कातडे असते, ते ज्या घरात वर्ज्य आहे, तेथील मुलाने वल्हे हाती घेण्यापूर्वी चौकशी करावी. त्याला बुचाचा पर्याय निर्वेध आहे.

कोणतेही वेष्टन चढवताना जाडी वाढते, हे विसरू नये. मूठ फार जाड झाली की बोटे पुरत नाहीत आणि कोपराखालचा हात लवकर थकतो. म्हणून आधी व नंतर दोऱ्याने घेर मोजावा, एका वेळी एकच बदल करावा आणि मूठ मुद्दाम भिजवून पाहावी. क्लबात एकच वल्हे अनेकांच्या हाती जाते आणि फुटलेल्या फोडाची लस मुठीला लागते. त्यामुळे सराव संपल्यावर साबणाच्या पाण्याने धुता येणार नाही, असे साहित्य तेथे बसवू नये, मग ते हाताला कितीही सुखद लागो.