भोंग्याची जागा ठरली, बाकी चर्चेत

गावाकडे ग्रामसभा असली की मी जातो, हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. घरी त्याला व्यसन म्हणतात. परवाच्या सभेत पाचवा विषय होता : ‘मुलांच्या अभ्यासासाठी भोंगा बसविणेबाबत’. गटार, रस्ता, टाकीची गळती हे विषय चुटकीसरशी मंजूर झाले आणि भोंग्यावर रात्र झाली.

कल्पना आमची नव्हे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये ती अमलात आणली. कोरोनात मोबाइलला चिकटलेली पोरं शाळा सुरू झाली तरी सुटेनात, म्हणून ग्रामसभेनं ठरवलं : संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर समजवायला फिरले. अशी गोष्ट ऐकली की शेजारच्या चार गावांना चेव चढतो. आमच्याही गावाला चढला.

आमच्याकडे पहिला वाद भोंगा कुठं बसवायचा याचा. मारुतीच्या देवळावर म्हणावं तर वरच्या आळीला ऐकू जात नाही, पंचायतीवर म्हणावं तर सदस्यांची झोप मोडते. दुसरा वाद वेळेचा. साताला डेअरीवर दूध घालायची गडबड, शिवाय मालिका. तेवढ्यात मागून एका मावशींनी विचारलं, “बंदी आमच्या टीव्हीलाच, का पारावर बसून मोबाइल घासणाऱ्यांनाबी?” सभा गप्प झाली. शेवटी पुरुषांचा मोबाइल ‘कामाचा असल्यास’ चालेल, असं ठरलं. कामाचा नसलेला मोबाइल मी अजून पाहिलेला नाही.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच काढला नाही. टीव्ही बंद करून पोरगं पुस्तक उघडून बसलं आणि गणितात अडलं, तर त्यानं विचारायचं कुणाला? बाप डेअरीवर, आई चुलीपाशी, आजी माळ ओढत. शेवटी मीच विचारलं. उत्तर शाळा समितीच्या अध्यक्षांनी दिलं : “गुरुजी शाळा सुटल्यावर जादा तास घेतातच की!”

घेतात, हे खरं. दोन शिक्षक, पाच वर्ग, वर ऑनलाइन भरायची माहिती. एवढं करून गुरुजी पाचनंतर थांबतात. त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढणार नाही. पण दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर जादा तासाला बसली होती ती मोजकी हुशार पोरं. स्कॉलरशिपची तयारी! ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असायची, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं सरकारनं ठरवलंय. वर्ग कुठलाही असो, जादा तास त्याच पोरांना. कच्ची पोरं? ती वर्ग झाडून, बाकं सरळ करून घरी गेली होती.

त्यातलं एक व्हरांड्यात दप्तर भरताना सापडलं. चौथीत आहे. मी पाटीवर 52 वजा 17 लिहून दिलं. त्यानं क्षणात 45 लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन घालवले. पोराचा हिशेब सरळ होता. शेजारी बसून हातच्याची भानगड उलगडून दाखवली. एक दशक सुटं करून दोनाचे बारा केले, तेव्हा तो म्हणाला, “मग पन्नासाचे चाळीसच राहिले की!” एवढंच हवं होतं. पण एवढ्यासाठी कुणीतरी शेजारी बसावं लागतं, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या माणसाला ते जमत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं चोविसावं कलम सांगतं की शिक्षकानं प्रत्येक मुलाची कुवत पाहून लागेल तसं जादा शिकवावं. ‘लागेल तसं’ म्हणजे ज्याला लागेल त्याला. आमच्याकडे ज्याला झेपेल त्याला.

यात गुरुजींपेक्षा भिंतीचा दोष जास्त. शाळेच्या दर्शनी भिंतीवर ऑइल पेंटनं ‘आमचे शिष्यवृत्तीधारक’ अशी यादी आहे, वर्षावार. साहेब आले की आधी ती वाचतात, पालकही तीच दाखवतात. जे भिंतीवर चढतं, त्याचेच जादा तास होणार. अमुक पोराला हातच्याची वजाबाकी आली, असं कुठल्या भिंतीवर लिहिलेलं पाहिलंय?

म्हणून अध्यक्षांना सुचवलं की एक कोपरा कच्च्या पोरांनाही द्या. कुणाला वजाबाकी आली, कोण धडा न अडखळता वाचू लागलं, ते लिहा. खडूनं लिहा, पेंटरचाही खर्च नको. आणि गावातल्या बारावी झालेल्या पोरी संध्याकाळी तासभर मोकळ्या असतात, त्यांना विचारा. पंचायतीनं थोडं मानधन द्यावं. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकलं. मानधनाला तरतूद नाही म्हणाले. भोंग्याला कशी निघाली, हे विचारायचं मी टाळलं. आणि भिंतीवरही जागा नाही : उरलेला भाग पंखे देणाऱ्या दात्यांसाठी राखून ठेवलाय.

पंख्यांच्या पात्यांवर त्यांची नावं आधीच आहेत, असं मी म्हटलं.

“पंखा चालू असला की वाचता येत नाहीत,” अध्यक्ष म्हणाले.