जुन्या ट्राँबोनचें मुख

पंचवटींत गोदाकांठच्या वरातींतून ट्राँबोनचा गंभीर स्वर उठतो, तो केवळ पितळेचा नव्हे. वादकाच्या ओठांचा कंप माउथपीसमधून नळींत उतरतो. हा लहानसा भाग हरवला कीं जुनें वाद्य मुकें होतें. बाजारांत मुख्यतः बारीक व जाड दांड्याचे माउथपीस मिळतात. जुन्या वाद्याचें माप यांहून निराळेंही असतें. दांडा सुमारें २.५ सेंटिमीटर आंत जावा व हलवितां डुगडुगूं नये. सैल राहिल्यास श्वास गळतो, स्वर ढळतो. मीरतेस बँडचीं वाद्यें घडतात; तेथील कारागिराकडे नळीच्या तोंडाचें माप धाडावें. मात्र नळीला कानस लावूं नये. माउथपीस दुसरा मिळेल. वडिलांनीं मागें ठेवलेलें वाद्य मिळणार नाहीं.