दर्यावरचा दस्तरखान

आमच्या वर्तकनगरात सुट्टीच्या गप्पांत आता गोव्याची क्रूझही येते. जहाजाचा प्रवास आपल्या घरांना नवा नाही. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जिद्दाला जात. मुंबईहून २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझ सुरू झाली. तिथे मुख्य जेवण तिकिटातच धरलेलं असतं. पैसे भरले म्हणून चारचारदा ताट भरायचं, हे आम्हाला पटत नाही. वसूल करायचं ते चौकशी करून. मटण-चिकन हलाल आहे का, हे बुकिंगच्या वेळीच ईमेलने विचारा. उत्तर लेखी घ्या, तोंडी ‘हो हो’ पुरेसं नाही. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी शेफला गाठा. सॉसमध्ये वाइन, पुडिंगात जिलेटिन आहे का, मासळी वेगळ्या तेलात तळतात का, सगळं विचारा. जैन मंडळी आपलं जेवण हक्काने मागतात, मग आपणच का लाजायचं? खात्री पटली नाही तर डाळ-भात आणि मासळी. कोकणी माणसाला त्यात कसला कमीपणा! बुफेभोवती आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा, मग ताट घ्या. मुलांना थोडंथोडंच वाढा. काही रेस्टॉरंटचे पैसे वेगळे पडतात, ते बसण्याआधी विचारा. आणि सकाळचा चहा डेकवर घ्या. फज्रनंतर तिथे गर्दी नसते.