जाऊबाई आमच्या गावच्या

मंगळवारी सात रस्त्याला रिक्षा अडकली. यात बातमी काहीच नाही. सात रस्त्याला सात दिशांनी माणसं येतात आणि प्रत्येकाला उरलेल्या सहांच्या आधी निघायचं असतं. या चौकावर मी पूर्वीही लिहिलंय. त्याने चौकात काही फरक पडला नाही, फक्त रिक्षावाले मला ओळखायला लागले आणि सुट्टे पैसे नाहीत असं जरा नम्रपणे सांगायला लागले.

पण मंगळवारचं कारण नेहमीचं नव्हतं. दागिन्यांच्या एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली कुणी नायिका यायची होती. तिचा चेहरा फलकावर दुमजली घराएवढा. तिच्या पायाशी नगरसेवक होण्याची इच्छा असलेल्या गृहस्थांचे चेहरे, ओळीने, हात जोडून. ढोल-ताशा सुरू, बाई पोचलेल्या नाहीत, आणि पोरं झाडावर चढलेली.

"कोण येतंय रे?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"हिरवीण येलालीय काका. ती नाही का, सासूला छळती ती."

"म्हणजे खलनायिका."

"नाही काका, हिरवीणच. आता हिरवीणच छळती."

ज्ञानात भर पडली. ढोल थांबेना, म्हणून वेळ घालवायला मी त्याला म्हणालो, अरे, जिनं हा छळाचा धंदा हिंदी पडद्यावर नावारूपाला आणला ती बाई याच सोलापुरात जन्मली. शशिकला. त्या पोराने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी एखाद्या बंद पडलेल्या गिरणीचं नाव घेतलंय. पण शेजारी बसलेल्या, सत्तरी उलटलेल्या आजी एकदम जाग्या झाल्या.

"शशिकला? लई वंगाळ बाई."

मी म्हटलं, आजी, आपल्या गावची होती ती.

"आपल्या गावची असती तर अशी वागली असती का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा टॉकीजमध्ये पाहिलेल्या बाईवरचा राग या आजींनी इतका ताजा जपून ठेवलाय की फिल्मफेअरची बाहुली त्यापुढे काहीच नाही.

ज्यांना नाव आठवतं पण पुढचं आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शशिकला जवळकर, जन्म 4 ऑगस्ट 1932, सोलापूर, भावसार शिंपी समाजातलं घर, सहा भावंडं. पाचव्या वर्षापासून जिल्ह्यातल्या गावोगावी नाच, गाणी, नाटुकली. घर बसलं तसं सगळं कुटुंब मुंबईला गेलं. नूरजहाँने तिला पाहिलं, आणि नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी यांच्या 'जीनत' (1945) मधल्या बायकांच्या कव्वालीत तिला बसवलं. मेहनताना 25 रुपये. फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेली आणि ही पुन्हा स्टुडिओच्या दारात. मग शांतारामबापू, बिमल रॉय, 1962 चा 'आरती', 1963 चा 'गुमराह', या दोन्हींसाठी ओळीने दोन वर्षं सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर, शंभरावर चित्रपट, पुढे मालिका, 2007 साली पद्मश्री. 4 एप्रिल 2021 ला मुंबईत निधन.

आता या सगळ्यात मला छळतो तो त्यांचा काका.

घर का बसलं, हे त्या मुलाखतीतून सांगत. वडील चांगले व्यापारी. धाकट्या भावाला शिकायला लंडनला पाठवलं आणि कमाईतला मोठा वाटा तिकडे पाठवत राहिले. पोरांच्या आधी भाऊ. पुढे त्या भावाला उत्तम नोकरी लागली आणि तो या घराला विसरला. वडिलांचं दिवाळं वाजलं. मग सहा पोरांत ही दिसायला बरी, नाचते बरी, तर सिनेमात काही जमेल म्हणून मुंबई. तिथे सुरुवातीला लोकांच्या घरची कामंही केली, असंही त्या सांगत.

हा धाकटा भाऊ मला अनोळखी नाही. तुम्हालाही नसणार. सोलापुरात जुन्या घरांत असा एकेक नग निघतोच. आमच्याकडचा लंडनला गेला नाही, पुण्यापर्यंतच पोचला, पण तेवढ्यासाठी आजोबांनी दोन माग विकले. साहेब झाल्यावर त्यांचं दरवर्षी दिवाळीला एक कार्ड यायचं. त्यावर 'तुमची आठवण येते' हे छापलेलंच असायचं, म्हणजे तेवढंही लिहायचे कष्ट नाहीत. आजोबा ते कार्ड देवघराशेजारी लावायचे. आजी ते दिवाळी संपली की चुलीत घालायची. दोघांत यावरून कधी शब्दाने वाद झाला नाही. एकदा हे साहेब लग्नाला आले, घरात पाऊल टाकून म्हणाले, "वाडा छोटा झालाय का?" वाडा तेवढाच होता. मागांची जागा भाड्याने दिली होती एवढंच.

त्या साहेबांवर कुणी सिनेमा काढला नाही. आमची आजी त्यांना कधी 'मेला' म्हणाली नाही, कारण नात्याने दीर. पण तीच आजी भागवत थिएटरमधून सिनेमा पाहून आली की शशिकलेच्या नावाने कडाकडा बोटं मोडायची. खलपुरुष घरात कार्डाच्या रूपाने दर दिवाळीला येतोय आणि शिव्या खातेय ती पडद्यावरची पोरगी, जिचं बालपण तसल्याच एका दिरापायी गेलं. असा न्याय आपल्याकडे पूर्वापार चालत आलाय.

'आरती'चंच घ्या. मीनाकुमारी शिकलेली डॉक्टर, नवरा प्रदीपकुमार, भरलं घर, आणि त्या घरात विष कालवणारी थोरली जाऊ शशिकला. आवाज न चढवता, पदर सावरत, भुवई एवढीशी उचलून ती जे काही करते ते बघताना आजही हाताची मूठ वळते. त्या चित्रपटाच्या संस्थेचं नाव विसरू नका. राजश्री. तेच ते राजश्री, ज्यांच्या सिनेमात पुढे सगळे दीर गुणी, सगळ्या वहिन्या देवी आणि कुत्रीसुद्धा संस्कारी निघाली. त्या राजश्रीची निर्मिती म्हणून पहिलं चित्र 'आरती'. पाया कुणी घातला? आमच्या गावच्या खाष्ट जाऊबाईंनी.

'गुमराह'ची तर मला चीडच येते. माला सिन्हा लग्नानंतर जुना प्रियकर सुनील दत्त याला भेटते, आणि शशिकला तिला धमकावून पैसे उकळते. प्रेक्षक दोन-अडीच तास शशिकलेला शिव्या घालतात. शेवटी कळतं काय? ती नवऱ्याचीच माणूस! अशोककुमारने बायकोला वठणीवर आणायला स्वतःच नेमलेली. (साठ वर्षं झाली, आता हे फोडलं म्हणून पत्रं पाठवू नयेत.) म्हणजे कट नवऱ्याचा, पगार नवऱ्याचा, आणि त्याला टाळ्या, की काय हो समजूतदार नवरा! शिव्या मात्र नोकरीवरच्या बाईला. या सदरात अधूनमधून येणारी माझी मावशी, तीच, जी शेंगाचटणीत लसूण कमी पडला तर दुकानदाराला परत करायला लावते, तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. पण तिनं ते काम घ्यायला नको होतं." मावशीपुढे फिल्मफेअरवालेही हरले असते.

बरं, बाई फक्त विषच कालवायच्या असंही नाही. बिमल रॉयच्या 'सुजाता'त (1959) त्या घरची सख्खी लेक आहे, खोडकर, मोकळी, आणि सांभाळलेल्या मुलीशी बहीण म्हणूनच वागणारी. हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुपमा'त (1966) शर्मिला टागोर बोलत नाही आणि ही थांबत नाही. तो सिनेमा मी तिच्या बडबडीसाठी पाहतो. पण लोकांनी लक्षात ठेवली ती जाऊ. चांगुलपणा करणाऱ्या नायिका शेकड्याने होत्या. दुष्टपणाला अक्कल लागते, ती फारच थोड्यांकडे होती.

आणि शांतारामबापूंचं सोलापूरशी काय नातं होतं कोण जाणे. 1946 साली त्यांनी आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर चित्र काढलं, स्वतःच कोटणीस झाले. 1953 साली 'तीन बत्ती चार रास्ता' काढलं, त्यात शशिकलेला घेतलं. एकाच घरात निरनिराळ्या प्रांतांतल्या सुना, निरनिराळ्या भाषा, अशी त्यातली कल्पना. मुंबईला ती फार मोठी वाटली असणार. सोलापुरात एका वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत नळाचं पाणी भरलं जातं, ज्या दिवशी येतं त्या दिवशी. शशिकलेला त्या घरात वावरायला वेगळी तालीम लागली नसेल. बापूंनी रस्ते मात्र चारच ठेवले. सात रस्त्याला येऊन गेले असते तर चित्रपट पुरा झाला नसता. तीन बत्त्यांपैकी आपल्या चौकात किती चालू असतात, हे संबंधित खात्याला विचारलं तर 'चौकशी सुरू आहे' एवढंच कळतं.

पुढे प्रसिद्धी ओसरली, घरचं बिनसलं, तेव्हा त्या कोलकात्याला मदर तेरेसांकडे गेल्या आणि बरीच वर्षं आजाऱ्यांची सेवा करत राहिल्या. तिथून परतल्यावर पुन्हा तोंडाला रंग. 'सोनपरी'सारख्या मालिका केल्या, 'कभी खुशी कभी गम'मध्ये दिसल्या. मालिका चालू असताना आमच्या घरी नातवंडांनी त्यांना 'गोड आजी' म्हटलं. ते ऐकून मावशी सोफ्यावरून उठून गेली. म्हणाली, "थांबा, तिसाव्या भागात कळेल."

सोलापूरला अभिमान कमी पडतो असं नाही. चादरीचा आहे, कडक भाकरीचा आहे, गड्ड्याच्या यात्रेचा आहे, चार हुतात्म्यांचा तर आहेच. 'सैराट' आला तेव्हा अकलूजच्या रिंकू राजगुरूचं कौतुक आपण जिल्हाभर केलं, आणि योग्य केलं. कोटणीसांचं स्मारक केलं. पण जिला शिव्या घालण्यात या शहराने इतकी वर्षं मजा घेतली, तिची बाकी कुणी चुकवायची? घर बुडालं म्हणून गाव सोडून गेलेल्या माणसाचा आपल्याला अभिमान वाटत नाही. सत्काराला परत येणाऱ्याचा वाटतो.

पुतळा नको. चौकाला नाव तर मुळीच नको, आधीच्या नावांचेच फलक दिसत नाहीत. येत्या 4 ऑगस्टला हुतात्मा स्मृती मंदिरात सकाळी 'आरती', दुपारी 'अनुपमा' आणि रात्री 'गुमराह' दाखवायचा, एवढंच माझं म्हणणं. शिव्या घालायला मोकळीक, पण शेवटी एकदा टाळ्या वाजवायच्या. सभागृहाच्या भाड्यात माझे पाचशे रुपये. शहरातल्या चित्रपटप्रेमी मंडळींनी आणि भावसार समाजाच्या कार्यकर्त्यांनी मनावर घ्यावं. बाकीची रक्कम आणि नावं या दैनिकाच्या कचेरीत जुलै संपण्याच्या आत पोचवावीत.