वऱ्हाडातला तीस लिटर समुद्र

पूर्णेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला खाऱ्या पाण्याची ओळख समुद्राने करून द्यावी लागत नाही. सातपुड्यात उगम पावून, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांच्या काळ्या मातीतून पश्चिमेकडे जाऊन चांगदेवाजवळ तापीस मिळणाऱ्या या नदीच्या दोन्ही अंगांस जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, त्यातील कित्येक गावांच्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही, ते शेतास दिले तर जमीन चोपण होते, आणि लेकीसाठी स्थळ पाहावयास निघालेला बाप त्या गावी जमिनीच्या आधी पाण्याची चौकशी करतो. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथील विहिरींतून तर पूर्वी मीठच काढीत असत. इंग्रजी अंमलात ती वहिवाट बंद पडली, आणि १९३० साली, समुद्रकिनारा ज्यांच्या वाट्याला आला नव्हता त्या वऱ्हाडी सत्याग्रह्यांनी याच विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून मिठाचा कायदा मोडला. अशा या मुलखात, सागरापासून चारशेहून अधिक किलोमीटर अंतरावर, अकोल्यातील माझ्या घराच्या उत्तरेकडील खोलीत तीस लिटर समुद्र गेली सहा वर्षे नांदतो आहे. आणि त्याच्या सहवासात जे एक मत हळूहळू पक्के झाले ते असे, की वऱ्हाडातील माणसाने समुद्र अवश्य पाळावा, परंतु त्यासाठी समुद्रातला प्रवाळ तोडून आणू नये, तोडून आणलेला विकत घेऊ नये, आणि तो विकणाऱ्यास दारात उभेही करू नये.

खारे पाणी म्हणजे समुद्र नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. मी टाकी मांडली तेव्हा खारपाणपट्ट्यातील एका नातेवाईकांनी मोठ्या आपुलकीने, आमच्या विहिरीचे पाणी घेऊन जा, फुकट समुद्र मिळेल, असे सुचविले होते. रसायनशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या मला त्यांना समजावून सांगावे लागले, की समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात खरे, परंतु त्यांत खाण्याच्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट यांचा वाटा ठरलेला असतो, आणि जगातील कोणत्याही मोकळ्या महासागराचे पाणी घेतले तरी या मुख्य घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ एकच येते. लिटरमागे ४०० मिलिग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम हा तो हिशेब आहे. आमच्या विहिरींचा खारटपणा वेगळ्या जमाखर्चाचा आहे. त्यात सोडियमचे प्राबल्य असते, आणि चुन्याचे कवच बांधून जगणाऱ्या जीवाला जे हवे असते ते त्या प्रमाणात मिळत नाही. म्हणून समुद्र घरी बांधावा लागतो: शुद्ध केलेले पाणी घ्यावयाचे, त्यात तयार मिश्रणाचे, तीस लिटरला साधारण अकराशे ग्रॅम, क्षार विरघळवावयाचे, एक दिवस ते ढवळते ठेवावयाचे, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून क्षारतेचा आकडा पाहिल्याशिवाय त्यात कोणताही जीव सोडावयाचा नाही. पुढे महिना-दीड महिना टाकी निर्जनच ठेवावी लागते. कारण जीवांच्या मलातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी अपायकारक असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जिवाणू दगडांवर वसती करावयास तेवढी मुदत घेतातच, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याने या वाटेस जाऊ नये.

लहान टाकी म्हणजे सोपे काम, असा समज सर्वत्र आढळतो, आणि दुकानांतून तो वाढविला जातो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तीस लिटरांतून एक लिटर पाणी उडून गेले, तर क्षार जागीच राहिल्यामुळे ३५ चा आकडा ३६ च्या पुढे जातो. हजार लिटरांच्या हौदाला तेवढ्याची जाणीवही होत नाही. आणि वऱ्हाडातला मे महिना! बाहेर पारा ४५ अंशांवर चढलेला, वारा असा कोरडा की दोरीवरचे धोतर घडीभरात कडकडीत वाळावे, अशा दिवसांत माझ्या टाकीतून दररोज लिटरभर पाणी जाते, आणि त्याची भरपाई खाऱ्या नव्हे तर गोड्या पाण्याने, सकाळ-संध्याकाळ, मापून करावी लागते. ज्या कोरडेपणाने ही अडचण उभी केली तोच कोरडेपणा तिच्यावरील उपायही देतो. पृष्ठभागावर एक लहानसा पंखा सोडला की बाष्पीभवनाने टाकीचे पाणी दोन-तीन अंश निवते. आपल्या ओसरीवरचा माठ शतकानुशतके हेच करीत आला आहे, आणि मुंबईच्या दमट हवेत ज्या उपायाला फारसे यश येत नाही तो अकोल्यात उत्तम साधतो. आणखी एक गोष्ट इथल्या गृहिणींसाठी मुद्दाम नमूद करतो. पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याची घागर वापरण्याची आपली रीत माणसाला मानवणारी असली, तरी त्या घागरीतले पाणी या टाकीत कधीही घालू नये. तांब्याचा अत्यल्प अंशही शंख, कोळंबी आणि प्रवाळ यांना प्राणघातक ठरतो.

आता प्रवाळाविषयी. आपल्याकडे पोवळे म्हटले की सोनाराच्या पेढीवरील तांबडा मणी डोळ्यांपुढे येतो, मंगळाची अंगठी आठवते; ते पोवळे जिवंत प्राण्यांच्या वसाहतीने घडविलेले आहे, हे सहसा मनात येत नाही. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ तर अधिकच विलक्षण असतात. त्यांच्या मऊ शरीरात एकपेशीय शैवाल वस्तीला असते, ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानाला देते, आणि त्या शिदोरीच्या बळावर हा इवलासा प्राणी दगडाचे घर उभारतो. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की हा सहवास मोडतो, शैवाल बाहेर टाकले जाते, आणि शुभ्र सांगाडा पारदर्शक कातडीतून दिसू लागतो. १९९८ साली जगभर असे घडले, त्यात आपले लक्षद्वीपही होरपळले. २०२४ साली ते पुन्हा होरपळले.

मी हे प्रथम पाहिले ते लक्षद्वीपात नव्हे, तर एका स्नेह्याच्या दिवाणखान्यात. त्यांनी एका व्यापाऱ्याकडून शाखा फुटलेल्या प्रवाळाचा वीतभर तुकडा आणविला होता. तो कोठला, कोणी काढला, याचा कसलाही दाखला सोबत नव्हता, आणि त्यांनीही तो मागितला नव्हता. हिवाळाभर तो तपकिरी-हिरवा तुकडा निळ्या दिव्याखाली इतका सुंदर दिसे की आम्ही मंडळी गप्पा विसरून त्याच्याकडे पाहत बसत असू. वैशाखात दोन रात्री लागोपाठ वीज गेली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा शाखांची टोके पांढरी पडली होती. आठवड्याच्या आत सगळा तुकडा चुन्यासारखा झाला आणि त्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढला. माझे स्नेही हळवे गृहस्थ आहेत, त्यांना फार वाईट वाटले, आणि त्यांच्या दुःखाविषयी मला लेशमात्र शंका नाही. परंतु जो जीव वाढावयास कित्येक वर्षे लागली असतील तो आमच्या चार महिन्यांच्या नेत्रसुखासाठी खर्ची पडला, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

सागराला काचेत बसविण्याच्या या छंदाचा आरंभच अशा खर्चाने झालेला आहे. १८४५ साली विलायतेत काचेवरील कर उठला, काच स्वस्त झाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचे मत्स्यालयावरील पुस्तक प्रसिद्ध होऊन त्याचे वेड घरोघर पसरले. गॉस हा सृष्टीवर भक्तिभावाने प्रेम करणारा माणूस होता. तरी त्याच्याच पुस्तकांनी प्रेरित होऊन टोपल्या-बरण्या घेतलेल्या हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या आणि खडकांतील ज्या कुंडांत युगानुयुगे जीवसृष्टी अबाधित होती ती त्यांनी पार ओरबाडून नेली; त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रपर ग्रंथात त्याविषयी विषाद व्यक्त केला आहे. पुढे विसाव्या शतकात, जाकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास जगाला दाखवून दिले की अवजड यंत्रांवाचून, केवळ समुद्रातील जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्याने, प्रवाळ घरी जगविता येतात. ती रीत शास्त्रदृष्ट्या फार सुंदर होती. पण तो जिवंत दगडही कुठल्या तरी भित्तीचाच तुकडा असतो, आणि एकाचे हजार ग्राहक झाले म्हणजे भित्तीच्या अंगावर किती घाव पडतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आपल्या कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. भित्ती बांधणारे पाषाण-प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून समाविष्ट आहेत. म्हणजे मेळघाटातल्या वाघाला जे संरक्षण तेच मन्नारच्या आखातातील या मूक प्राण्याला. परदेशी पाषाण-प्रवाळ संकटग्रस्त जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात सूचिबद्ध आहेत, आणि अशा जातींचे जिवंत नमुने बाळगणाऱ्याने त्यांची रीतसर नोंद करावी, असे २०२२ च्या दुरुस्तीने ठरविले आहे. वाघाचे कातडे भिंतीवर टांगणारा मनुष्य आज आपल्या समाजात ताठ मानेने वावरू शकत नाही. प्रवाळाचा तुकडा काचेत ठेवणारा मात्र रसिक म्हणून मिरवतो, याचे कारण कायद्याची उणीव हे नसून प्रवाळ हा प्राणी आहे हेच पुष्कळांच्या गावी नाही, हे आहे. सरकारकडे माझी एक मागणी आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशाची पैदास नियंत्रित जागेत यशस्वी करून दाखविली आहे, गुजरातेत मिठापूरजवळ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२० मध्ये प्रवाळांच्या पुनरुज्जीवनाचा प्रयोग हाती घेतला आहे. तेव्हा विद्यालयांपुरते तरी, ज्याची वंशावळ दफ्तरी नोंदलेली आहे असे संवर्धित प्रवाळ परवान्याने मिळण्याची तजवीज व्हावी. ती होईपर्यंत मात्र आपण प्रवाळावाचून राहिले पाहिजे.

प्रवाळ नाही, मग त्यात पाहावयाचे काय, असे मला नेहमी विचारतात. माझ्या टाकीत सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा यांचे हाताने केलेले चार दगड आहेत, ज्यांचा अल्कधर्म जावा म्हणून ते तीन महिने गोड्या पाण्यात भिजविले होते. त्यावर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भरतीने टाकलेले मूठभर शेवाळ आणि एका रिकाम्या शिंपल्याच्या पाठीवरून आलेले गुलाबी कवचशैवाल आता सर्वत्र पसरले आहे. मासा एकही नाही. तीस लिटरांत मासा ठेवणे मला कोंडवाडा वाटतो. परंतु रात्री विजेरी धरून बसले, की शेवाळासोबत न कळत आलेले, नखावर मावतील असे जीव दगडाच्या फटींतून बाहेर येतात. पिसाऱ्यासारखे तोंड उघडून पाणी गाळणारा नळीतला किडा प्रकाशाची तिरीप पडताच आत ओढला जातो. गोगलगाय काचेवर शेवाळ खात जाते आणि तिची वाट सकाळी स्वच्छ रेघेसारखी दिसते. ज्याला मालवणचे प्रवाळ पाहावयाचे असतील त्याने मालवणला जावे. १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया मंच समुद्राखाली प्रवाळांनी भरलेला आहे, एवढे माहीत असणेही मला पुरेसे वाटते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मला बाहेरच्यांनी नव्हे, खारपाणपट्ट्यातील माझ्या त्याच नातेवाईकांनी विचारला: आमच्या गावी प्यायचे पाणी वान धरणातून नळाने येते, तेही रोज नाही, आणि तुम्ही गोडे पाणी मुद्दाम खारट करता? शुद्धीकरणाच्या यंत्रात एक लिटर पाणी मिळविताना दोन-तीन लिटर वाया जाते, हेही त्यांना ठाऊक होते. या प्रश्नाला उत्तर नसते तर मी टाकी मोडली असती. तेव्हापासून मी गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवितो. मृगाच्या पहिल्या दोन सरी वाहून जाऊ देतो, मग झाकणाच्या कॅनमध्ये पाणी भरून अंधारात ठेवतो. त्यात क्षार नाममात्र असल्याने गाळणीतून क्वचितच काढावे लागते, आणि श्रावणापर्यंत पुढच्या ज्येष्ठाची बेगमी होते. ज्याच्याकडे पाऊस साठविण्याची सोय नाही त्याने वऱ्हाडात हा छंद धरू नये, असेच मी म्हणेन.

आणि म्हणूनच ही टाकी घराघरांतून असण्यापेक्षा शाळाशाळांतून एकेक असावी, असे मला वाटते. मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेल्या माझ्या पिढीला, १९५१ पासून चालत आलेल्या त्या अंधाऱ्या दालनांतच पहिल्यांदा समुद्राच्या आतले दर्शन झाले. तेही गेली काही वर्षे बंद आहे. आरंभ दहीहंड्याच्या शाळेपासून व्हावा: टाकीशेजारी गावच्या विहिरीचे पाणी बाटलीत ठेवावे, मुलांनी दोहोंचे आकडे रोज वहीत लिहावे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळ-संध्याकाळ गोडे पाणी कोण घालणार त्या मुलामुलींची नावे, टाकी आणण्यापूर्वीच, फळ्यावर लिहिलेली असावीत.