‘हाय नून’ पुन्हा पाहताना

फ्रेड झिनमनचा ‘हाय नून’ (१९५२) प्रथम पाहिला तेव्हा मी शेवटच्या गोळीबाराचीच वाट पाहत होतो. परवा पुन्हा पाहिला आणि मन अडकले ते चर्चमधल्या प्रसंगात. सूडाने पेटलेला गुंड बाराच्या गाडीने येणार असतो. मार्शल केन मदत मागतो. गावकरी वाद घालतात, त्याची स्तुतीही करतात. बरोबर मात्र कोणीच निघत नाही.

पटकथाकार कार्ल फोरमनने हा भेकडपणा स्वतः अनुभवला होता. १९५१ मध्ये अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे त्याने कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिला. हॉलिवुडने त्याला वाळीत टाकले. तो इंग्लंडला गेला.

गुंडांपेक्षा ही गप्प बसणारी सज्जन माणसेच मला अधिक अपराधी वाटतात. पहिल्या वेळी ती माझ्या नजरेस आली नाहीत, कारण मीही त्यांच्याच बाकावर बसलो होतो.